बंद होणाऱ्या रेस्तराँमधलं नऊ जणांचं टेबल : एक प्रकरण अभ्यास

उंची रेस्तराँमध्ये पाहुण्याच्या बाबतीत काही चुकलं तर सावरून घ्यायचे मार्ग ठरलेले असतात. डेझर्ट आमच्याकडून, बिलात सूट, नाहीतर ‘पुढच्या वेळी आलात की आम्ही स्वतः लक्ष घालू’. यातला तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. रेस्तराँ कायमचं बंद होणार असेल तर नेमका तोच उरत नाही. पाहुणा एकदाच येणार असतो, आणि त्या दोन तासांत जे होईल तेच त्याच्याकडे राहतं. म्हणून अशा जागी जे काही ठरवायचं ते जेवणाच्या आधी ठरवावं लागतं.

मी हॉटेलांतल्या सेवा-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. हे प्रकरण मला दोन्ही बाजूंनी कळलं : रेस्तराँच्या फ्लोअर मॅनेजरकडून आणि त्या दिवशी जेवायला आलेल्या कुटुंबातल्या मुलाकडून. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रेस्तराँ इटालियन जेवणाचं, दक्षिण मुंबईतलं, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. साधारण सत्तर खुर्च्या. पास्ता रोज तिथेच लाटला जायचा, चीज आणि तांदूळ इटलीहून यायचे, वाइनची यादी लांबलचक. दोघांचं जेवण वाइनसह आठ हजारांच्या घरात जायचं. जागेचा करार मार्चअखेर संपत होता आणि नव्या कराराचं भाडं मालकांना पेलणारं नव्हतं. महाराष्ट्रात मद्य देणाऱ्या रेस्तराँचा एफएल-३ परवानाही ३१ मार्चलाच संपतो. पुढच्या वर्षाचं परवाना शुल्क भरायचं आणि महिन्याभरात जागा सोडायची, याला अर्थ नव्हता. तारीख त्यामुळे आपोआप ठरली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी ११ वाजता कर्मचाऱ्यांची बैठक झाली आणि त्यांना सांगण्यात आलं. दुपारी १ वाजता तीच बातमी इन्स्टाग्रामवर गेली. मधले दोन तास सोडले तर कर्मचाऱ्यांना आणि पाहुण्यांना हे एकाच वेळी कळलं. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

संध्याकाळपर्यंत रिझर्व्हेशनचा फोन ठेवायला उसंत नव्हती. चार-पाच दिवसांत शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्या रात्री भरल्या. वर्षानुवर्षं न आलेले लोक ‘एकदा जाऊन येऊ’ म्हणून टेबलं धरत होते. त्याच पंधरवड्यात सू-शेफने, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफने, दुसरीकडे नोकरी धरली आणि दोन कॅप्टन (वाढणाऱ्यांवर देखरेख करणारे) गेले. त्यांना दोष देता येत नाही. घराचे हप्ते ३१ मार्चनंतरही असतात.

कुटुंब ठाण्याचं. आई बहात्तर वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या आणि त्यांचे यजमान लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी याच रेस्तराँमध्ये जेवायचे. एरवी अत्यंत काटकसरी असलेल्या या जोडप्याची वर्षातली ही एकच चैन. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आई तिकडे फिरकल्या नव्हत्या. बातमी वाचल्यावर त्यांनीच मुलाला सांगितलं की बंद व्हायच्या आत एकदा जायचं, आणि सगळ्यांनी मिळून जायचं. सगळे म्हणजे नऊ : आई, मुलगा, सून, दोन नातवंडं, मुलगी, जावई, जावयाच्या आई म्हणजे विहीणबाई, आणि आईंचे दीर. घरात एक गिफ्ट व्हाउचरही पडून होतं, दहा हजारांचं, यजमानांच्या निवृत्तीच्या वेळी मिळालेलं. त्याची मुदत कधीच उलटून गेली होती.

प्रश्न कुठे होता

वरवर पाहता प्रश्न जागेचा होता. शेवटच्या रात्रींसाठी रेस्तराँने संध्याकाळचे दोन भाग केले होते, ७ ते ९.१५ आणि ९.३० पासून पुढे. सहापेक्षा मोठं टेबल घेत नव्हते. माणशी दोन हजार रुपये आगाऊ, परत न मिळणारे. आणि शेवटचे दहा दिवस ठरावीक मेनू, प्रत्येकाला तेच पाच पदार्थ. ही व्यवस्था रेस्तराँच्या बाजूने शहाणपणाची होती. नवा माल मागवायचा नव्हता, असलेला संपवायचा होता, आणि स्वयंपाकघरात माणसं कमी होती. अशा वेळी मेनू आखडता घेतला नाही तर निम्मे पदार्थ ‘आज संपलं’ म्हणून सांगावे लागतात.

खरी अडचण विहीणबाईंच्या ताटाची होती. त्या साताऱ्याच्या, मांस-मासे तर नाहीच, अंडंही खात नाहीत. आपल्याकडे बहुतेकांचा समज असा की इटालियन जेवण म्हणजे शाकाहारी माणसाची सोय : मैदा, टोमॅटो, चीज. उंची इटालियन स्वयंपाकघरात परिस्थिती वेगळी असते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून मिळणारं, दूध साकळवणारं रेनेट, एवढ्यावरच बनतं. नियमच तसा आहे, दुसरं रेनेट वापरलं तर ते नाव लावता येत नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. हे चीज नुसतं वरून पेरलं जातं असंही नाही. ते पेस्तोत, म्हणजे बेझिलच्या चटणीत, वाटलेलं असतं, रिसोत्तोत, म्हणजे तिथल्या मऊ भातात, शेवटी फेटलेलं असतं, आणि काही स्वयंपाकघरांत त्याची जाड साल मिनेस्त्रोने सुपात उकळलेली असते. ताज्या पास्त्यात अंड्याचा बलक असतो (पाकिटातला वाळवलेला पास्ता बहुतेक वेळा नुसत्या रव्याचा आणि पाण्याचा). डेझर्टमध्ये पाहिलं तर पाना कोत्तात प्राण्यांपासून मिळणारं जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं. रिसोत्तोचा बेस बहुधा चिकन स्टॉकचा, म्हणजे चिकन उकळून काढलेल्या पाण्याचा. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढंच सांगितलं तर यातलं बरंच काही ताटात येऊ शकतं, आणि देणाऱ्याच्या मनात फसवणुकीचा विचारही नसतो. त्याच्या लेखी चीज म्हणजे दुधाचा पदार्थ.

ठरावीक मेनूच्या ‘शाकाहारी’ आवृत्तीतल्या पाचपैकी तीन पदार्थांत पार्मिजानो होतं. सुनेने फोनवर नेमकं रेनेटबद्दल विचारलं म्हणून हे बाहेर आलं. तिने विचारलं नसतं तर कोणी सांगितलं नसतं.

कुटुंबाने तोललेले पर्याय

मुलाला शेवटचीच रात्र हवी होती. त्याच्या मते शेवटच्या रात्रीला वेगळं वजन असतं, शेफ बाहेर येतात, फोटो निघतात, आणि आईंनाही ते आवडेल. त्यासाठी पाच आणि चार अशी दोन टेबलं घ्यायची तयारी होती. सुनेचं म्हणणं वेगळं होतं. दोन टेबलं म्हणजे आई एका टेबलावर आणि विहीणबाई दुसऱ्या, आणि मग सगळे मिळून जाण्याला काय अर्थ? शिवाय ठरावीक मेनूत आईंचा पदार्थ नव्हता. त्या दरवेळी एकच गोष्ट मागवायच्या, रिसोत्तो आल्ला मिलानेझे, म्हणजे केशर घातलेला रिसोत्तो. यजमान त्याला मिलानचा केशरी भात म्हणायचे.

तिसरा पर्याय जावयाने सुचवला : रेस्तराँमध्ये आई, मुलगा आणि मुलगी अशा तिघांनी जावं, बाकीच्यांनी घरी भेटावं. व्यवहाराच्या दृष्टीने हा पर्याय सगळ्यात सोपा होता आणि मला आजही वाटतं की तो नीट तपासला गेला नाही. विहीणबाईंना वगळल्यासारखं दिसेल, या भीतीने तो लगेच बाजूला पडला. विहीणबाईंना कोणी विचारलंच नाही. नंतर त्यांनी सुनेला सांगितलं की त्यांना घरी थांबायला काहीच वाटलं नसतं.

रेस्तराँने तोललेले पर्याय

फ्लोअर मॅनेजरसमोर दोन टोकं होती. नियमावर बोट ठेवून नऊ जणांना नकार द्यायचा, किंवा जुने पाहुणे म्हणून शेवटच्या रात्री कसंतरी बसवायचं. दुसऱ्या गोष्टीचा मोह मोठा असतो. बंद होणाऱ्या जागेत सगळेच हळवे झालेले असतात आणि हो म्हणायला काही लागत नाही. त्याने तसं केलं नाही. सत्तर जणांना एकाच वेळी पाच ठरावीक पदार्थ वाढणाऱ्या अर्ध्या स्वयंपाकघराकडून नवव्या ताटाला वेगळं चीज, वेगळा स्टॉक आणि वेगळं डेझर्ट नीट मिळेल, याची खात्री त्याला देता येत नव्हती. आणि खात्री नसताना दिलेला होकार हीच माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी हयगय असते.

त्याने उलट प्रस्ताव ठेवला. ठरावीक मेनू २१ मार्चपासून सुरू होतो, त्याआधी मधल्या वारी दुपारी या. दुपारी गर्दी निम्मी असते, नऊ जणांचं टेबल एकत्र लावता येईल, नेहमीचा मेनू चालू असेल, शेफ स्वतः तव्यावर असतील. आगाऊ रक्कम नको. व्हाउचरची मुदत संपली असली तरी ते घेऊ.

व्हाउचरचा निर्णय त्याने मालकांना न विचारता घेतला आणि नंतर कळवला. ते बरोबर होतं. व्हाउचर विकलं तेव्हा पैसे आधीच आले होते. चालू रेस्तराँ मुदतीचा नियम दाखवू शकतं, कारण ग्राहकाला वेळेत यायची संधी होती आणि पुढेही असते. बंद होणाऱ्या जागेने तो नियम दाखवला तर पाहुण्याच्या हातात कागद उरतो आणि मनात कडवटपणा. त्याच आठवड्यात त्याने फलकावर लिहून टाकलं की सर्व व्हाउचर, कोणत्याही तारखेची, ३० मार्चपर्यंत चालतील.

काय ठरलं आणि कसं

मुलाने आईंना विचारलं. त्यांना शेवटच्या रात्रीचं काहीच अप्रूप नव्हतं. गर्दीत, साडेनऊनंतर जेवायचं आणि मध्यरात्री ठाण्याला पोचायचं, यापेक्षा त्यांना दुपार आवडली. आधी मंगळवार ठरत होता, पण दीर मंगळवारी मांसाहार करत नाहीत, म्हणून मार्चमधला दुसरा बुधवार धरला.

सुनेने मॅनेजरला एक यादी पाठवली आणि शेफने प्रत्येक ओळीला उत्तर दिलं. विहीणबाईंसाठी फोकाच्या ब्रेड चालेल, त्यात ऑलिव्ह तेलच आहे. काप्रेझे सॅलडचं मोझ्झारेल्ला भारतातच बनलेलं, सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, तेही चालेल. रिसोत्तोसाठी भाज्यांचा स्टॉक वेगळा करू, आणि पार्मिजानोच्या जागी असंच भारतीय बनावटीचं कठीण चीज आणून ठेवू. शेवटी लिंबाचं सॉर्बे. रिसोत्तोबद्दल शेफ आणखी एक गोष्ट बोलले. गर्दीच्या वेळी बहुतेक रेस्तराँमध्ये रिसोत्तोचा तांदूळ आधीच तीन चतुर्थांश शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करतात आणि ऑर्डर आली की चार-पाच मिनिटांत पुरा करतात. बुधवारी तसं करणार नाही. कार्नारोली तांदूळ लोण्यात परतण्यापासून सुरुवात करून, पळीपळीने स्टॉक घालत, सतरा-अठरा मिनिटं. म्हणजे वाट पाहावी लागेल, तेवढं सांभाळून घ्या. आईंनी हे ऐकून मुलाला म्हटलं, की त्यांना कुठे गाडी पकडायची आहे!

इथे एक निर्णय झाला जो त्या वेळी कोणालाच मोठा वाटला नाही. शेफने विचारलं होतं, सगळ्या टेबलासाठी तेच भारतीय चीज वापरू का? म्हणजे घोळ व्हायला जागाच राहणार नाही. सुनेने नको सांगितलं. आईंना त्यांची नेहमीचीच चव मिळावी, विहीणबाईंपुरतं वेगळं करा. मागणी रास्त होती. पार्मिजानोची चव दुसऱ्या चीजला येत नाही, बारा महिने ही त्याच्या मुरण्याची किमान मुदत, चांगलं चीज दोन वर्षं मुरतं. आणि हे सगळं आईंसाठीच तर चाललं होतं. शेफने दोन पातेली मान्य केली.

बुधवारची दुपार

पहिला तास छान गेला. आईंना त्यांचं जुनं कोपऱ्यातलं टेबल मिळालं नाही, ते दोघांचंच होतं, पण त्याला लागूनच नऊ जणांचं टेबल लावलं होतं. दीर आणि जावई वाइनच्या यादीत रमले. बाटल्या ३१ मार्चनंतर तिथे विकता येणार नव्हत्या, म्हणून एरवी फक्त पूर्ण बाटली म्हणून मिळणाऱ्या काही वाइन त्या आठवड्यात ग्लासने दिल्या जात होत्या. मुलांनी पिझ्झा मागितला, इथे पिझ्झा नसतो हे त्यांना पटेना. विहीणबाईंनी फोकाच्या आवडीने खाल्ला.

रिसोत्तो चार जणांसाठी होता. केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, विहीणबाईंच्या खुर्चीचा क्रमांक लाल पेनने लिहिलेला होता, ताटावर ओळखीसाठी तुळशीसारखं दिसणारं बेझिलचं पान ठेवलं होतं. कॅप्टनने ते ताट स्वतः उचललं आणि बरोबर जागी ठेवलं. स्वयंपाकघराकडून एकही चूक झाली नाही.

चूक पुढच्या अर्ध्या मिनिटात झाली. इटालियन रेस्तराँमध्ये रिसोत्तो किंवा पास्ता वाढल्यावर स्टुअर्ड चीजचा तुकडा आणि किसणी घेऊन टेबलाभोवती फिरतो, ‘थोडं चीज?’ विचारतो आणि समोर किसून घालतो. हा आदरातिथ्याचा भाग आहे, नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या दुपारी किसणी घेऊन फिरणारा मुलगा कॅज्युअल होता, रोजंदारीवर बोलावलेला, गेलेल्या माणसांच्या जागी. दुपारच्या ब्रीफिंगला तो उशिरा पोचला होता. त्याने विहीणबाईंनाही अदबीने विचारलं. त्यांना एवढंच माहीत होतं की आपल्यासाठी वेगळं चीज आणलेलं आहे. हेच ते, असं समजून त्यांनी मान हलवली. त्याने पार्मिजानो किसलं.

पासवरून, म्हणजे स्वयंपाकघरातून ताटं बाहेर देतात त्या ओट्यावरून, परत येणाऱ्या कॅप्टनच्या नजरेला ताटावरचा पांढरा थर पडला तोवर विहीणबाईंचे दोन-तीन चमचे खाऊन झाले होते.

सांगायचं की नाही

कॅप्टनने मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं आणि पर्यायही सुचवला : ‘थंड झालंय, गरम आणतो’ म्हणून ताट उचलू, दुसरं ठेवू. कोणाला कळणार नाही. हे खरं होतं. चव ओळखण्याइतकी विहीणबाईंना त्या चीजची सवय नव्हती. टेबल आनंदात होतं, आई कित्येक महिन्यांनी हसत होत्या, आणि रेस्तराँ अठरा दिवसांनी बंदच होणार होतं. झाकण्याच्या बाजूने याहून भक्कम कारणं मी क्वचित ऐकली आहेत.

दुसरा पर्याय होता मुलाला बाहेर बोलावून सांगायचा आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. जेवायला घेऊन आलेला तो, टेबल त्याच्या नावावर. बहुतेक मॅनेजर हेच करतील.

मॅनेजरने तिसरा मार्ग घेतला. तो विहीणबाईंच्या खुर्चीशी गेला, वाकला आणि हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, ‘काकू, कृपया खाऊ नका. वरून घातलेलं चीज तुमच्यासाठीचं नव्हतं. आमच्याकडून चूक झाली आहे.’ त्यांनी विचारलं, त्यात काय असतं? त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं.

मला त्याचा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. ज्या व्यक्तीने खाल्लं, तिचा तो प्रश्न आहे. मुलाला आधी सांगितलं असतं तर आईला, बहिणीच्या सासूबाईंना, सगळ्यांना सांभाळायच्या नादात त्याने कदाचित गप्प बसायचं ठरवलं असतं, आणि मग एका बाईच्या आयुष्यभराच्या आचाराबद्दल दोन पुरुषांनी तिच्या पाठीमागे निर्णय घेतला असता. जावयाचं मत वेगळं आहे, तेही नोंदवते. त्याच्या मते आईला भर टेबलावर हे ऐकावं लागायला नको होतं, मुलाला म्हणजे त्याला बोलावून सांगायला हवं होतं, त्याने आईला बाजूला नेऊन सांगितलं असतं. कुठे सांगायचं, याबाबत त्याचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. कोणाला सांगायचं, याबाबत नाही.

विहीणबाई उठून हात-तोंड धुऊन आल्या. जेवायला मात्र त्या पुन्हा बसल्या नाहीत, म्हणजे खुर्चीवर बसल्या, पण ताट नको म्हणाल्या. शेफ बाहेर आले, नवीन रिसोत्तो करून देतो म्हणाले. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि फळं मागितली. आईंनीही चमचा खाली ठेवला. तेव्हा विहीणबाईच त्यांना म्हणाल्या, ‘तुम्ही जेवा हो. तुमच्यासाठी आलोय आपण.’ आईंनी रिसोत्तो संपवला. जावयाचा आवाज चढला, किसणीवाल्या मुलाला समोर बोलवा म्हणाला. मॅनेजरने बोलावलं नाही. ‘जबाबदारी माझी आहे, जे बोलायचं ते मला बोला,’ एवढंच सांगितलं.

निष्पन्न

मॅनेजरने पूर्ण बिल माफ करायची तयारी दाखवली. मुलाने ते घेतलं नाही. विहीणबाईंचं जेवण आणि सगळ्यांची डेझर्ट वगळून, व्हाउचरचे दहा हजार वजा करून बाकी रक्कम त्याने भरली. सूट देताना मॅनेजरच्या लक्षात आलं की त्याच्याकडे द्यायला दुसरं काहीच नाही. चालू रेस्तराँमध्ये असताना त्याने अशा पाहुण्यांना पुन्हा बोलावलं असतं, शेफशी भेट घालून दिली असती, वर्षभर लक्षात ठेवलं असतं. इथे फक्त खरं बोलणं आणि रुपये कमी करणं शक्य होतं. दोन्ही त्याने केलं.

त्याच संध्याकाळी किसण्या डायनिंग हॉलमधून काढून घेतल्या गेल्या. चीज हवं त्याला स्वयंपाकघरातून छोट्या वाटीत यायला लागलं. ठरावीक मेनूची शाकाहारी आवृत्ती पूर्णपणे भारतीय चीजवर बदलली आणि तसं मेनूवर लिहिलं. शेवटच्या दहा दिवसांत काही पाहुण्यांनी समोर चीज किसून घालण्याची मजा गेली म्हणून कुरकुर केली. मॅनेजरने ती ऐकून घेतली.

विहीणबाईंनी दुसऱ्या दिवशी उपास केला आणि विषय संपवला. आठवड्याने सुनेकरवी मॅनेजरला निरोप पाठवला की त्याने सांगितलं हे बरं केलं. जावई आणि मुलगा यांच्यात मात्र काही महिने फोन कमी झाले. जावयाला वाटत होतं की हट्ट यांच्या आईचा आणि भोगलं आपल्या आईने. आईंना विचारलं तर त्या म्हणतात, गेलो ते बरंच झालं, पण एवढ्या सगळ्यांना घेऊन जायला नको होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जवळचा पर्याय शेफने स्वतः मांडला होता : सगळ्या टेबलाला एकच चीज. स्वयंपाकघर दोन पातेली बिनचूक सांभाळू शकतं, पण ताट पासवरून निघाल्यावर ते वाढणाऱ्यांच्या हाती जातं, आणि तिथली माणसं त्या महिन्यात रोज बदलत होती. आईंची चव राखायचीच होती तर पार्मिजानो फक्त त्यांच्या ताटासाठी वाटीतून देता आलं असतं. म्हणजे अपवाद विहीणबाईंच्या ताटाचा न होता आईंच्या ताटाचा झाला असता. अपवादात चूक झालीच असती तर आईंच्या रिसोत्तोवर चीज कमी पडलं असतं, एवढंच.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या हातातली होती. सुनेने शेफला अचूक प्रश्न विचारले, मॅनेजरकडून लेखी उत्तरं घेतली. पण ती उत्तरं विहीणबाईंपर्यंत पोचलीच नाहीत. त्यांच्यासाठी सगळं परस्पर ठरवलं गेलं, प्रेमाने आणि काळजीने, आणि त्यांना फक्त ‘तुमची सोय केली आहे’ एवढंच सांगितलं. ‘तुमचं ताट पूर्ण तयार होऊन येईल, वरून कोणी काही घालू लागलं तर नको म्हणा’ हे एक वाक्य त्यांना माहीत असतं तर त्यांनी मान हलवली नसती. आहाराचं पथ्य, ॲलर्जी, मधुमेह, काहीही असो, ज्याचं ताट त्याला त्यातलं सगळं माहीत असलं पाहिजे. मी आता प्रशिक्षणात हे आग्रहाने सांगते : वेगळं ताट ठेवताना ते कोणतं आणि त्यात काय नाही, हे त्या पाहुण्याला ऐकू जाईल असं बोलून ठेवा. कॅप्टनने ताट बरोबर जागी ठेवलं, पण बोलला नाही.

तिसरी गोष्ट फेब्रुवारीतल्या त्या दोन तासांची. मालकांनी कर्मचाऱ्यांना आधी दोन आठवडे सांगितलं असतं तर बातमी फुटण्याचा धोका होता, हे मान्य. पण माणसं टिकवायचा विचारच झाला नव्हता. ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला राजीनामा दिला तरी मिळते, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे. म्हणजे ती शेवटपर्यंत थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. कारण वेगळं द्यावं लागतं. ३१ मार्चपर्यंत थांबणाऱ्या प्रत्येकाला एक जादा पगार, आणि मालकांनी स्वतः इतर रेस्तराँशी बोलून १ एप्रिलपासूनची नोकरी ठरवून द्यायची, अशी व्यवस्था मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिली आहे. तिथे शेवटच्या रात्री टेबलांवर तीच माणसं होती जी पाहुण्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती. इथे मालकांनी कॅज्युअल मुलांच्या रोजावर आणि घाईच्या भरतीवर सहा आठवड्यांत जे खर्च केलं, ते मॅनेजरने नंतर मांडून पाहिलं. निघून गेलेल्या तिघांना दिला असता तर जो जादा पगार लागला असता, त्याहून तो आकडा मोठा होता.